तुकड्यांची भाषा : काही इंग्रजी शब्द आणि आपले भाषांतर

भाषांतराच्या अडचणींची चर्चा आपल्याकडे बहुधा भारदस्त शब्दांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. 'कल्चर'ला संस्कृती म्हणावे काय, 'ट्रॅजेडी' आणि शोकांतिका यांत अंतर किती, अशा प्रश्नांवर परिसंवाद होतात, व्याख्याने होतात, आणि ती व्हावीतही. परंतु भाषांतरकाराची रोजची गाठ पडते ती लहान शब्दांशी. मोठ्या शब्दापाशी तो सावध असतो, कोश उघडतो, चार जाणत्यांना विचारतो. लहान शब्दापाशी तो निर्धास्त असतो, आणि घात बहुधा तेथेच होतो.

अशा लहान शब्दांचा एक गट आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत. एखादी वस्तू मोडली, फुटली, फाटली वा चुरली म्हणजे जे मागे उरते, त्याला इंग्रजीत निरनिराळी नावे आहेत. फ्रॅगमेंट, शार्ड, स्प्लिंटर, चिप, क्रम, श्रेड, स्क्रॅप, रबल, स्मिदरीन्स ही त्यांतील नित्य भेटणारी काही नावे होत. विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या शब्दसूच्या चाळल्या, तर यांतील बहुतेक शब्दांपुढे एकच अर्थ दिलेला आढळतो : तुकडा. फार तर 'लहान तुकडा' अथवा 'बारीक तुकडा'. परीक्षेपुरते हे उत्तर बरोबर धरले जाते. परंतु याच सूचीवर वाढलेला विद्यार्थी उद्या भाषांतर करू लागतो, तेव्हा इंग्रजी लेखकाने नऊ ठिकाणी नऊ निरनिराळे शब्द योजलेले असतात आणि मराठी वाचकापुढे नऊही ठिकाणी तुकडाच येतो. वाचकाचा समज असा होतो की मराठी भाषाच दरिद्री आहे. हा समज खोटा आहे, आणि तो खोटा कसा हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

या शब्दांचा वापर बारकाईने पाहिला, तर प्रत्येक शब्द तीन प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर देत असतो. काय मोडले? कसे मोडले? आणि जे उरले त्याची किंमत किती? भाषांतरकाराने मराठी शब्द निवडण्यापूर्वी हे तीन प्रश्न मनाशी विचारले, तर शब्द बहुधा आपल्याच घरात सापडतो.

पहिला प्रश्न वस्तूचा. 'शार्ड' हा शब्द जुन्या इंग्रजीपासून चालत आला आहे. कापणे या अर्थाच्या 'शिअर' या क्रियापदाचा तो सगोत्री. त्याचा जुना अर्थ खाच किंवा भेग असाही होता. पुढे तो फुटक्या मडक्याच्या तुकड्याला लागला, आणि आज तो प्रामुख्याने काचेच्या अणकुचीदार तुकड्याला लावतात. लंडनमध्ये २०१२ मध्ये पूर्ण झालेली सुमारे ३१० मीटर उंचीची काचेची इमारत 'द शार्ड' याच नावाने ओळखली जाते. ती कशाचाही फुटलेला अंश नाही. तिचे निमुळते, धारदार रूप तेवढे त्या नावाने सांगितले आहे. उत्खननशास्त्रात मात्र या शब्दाचे 'शर्ड' हे भावंड मडक्याशीच एकनिष्ठ राहिले आहे. मराठीत त्याला खापर हा नेमका शब्द आहे. आमच्या माळव्याच्या दक्षिणेस, नर्मदाकाठी, महेश्वर व नावडातोडी येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५२-५३ मध्ये आणि पुढे उत्खनने झाली. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीची ओळख जगाला पटली ती बव्हंशी रंगीत खापरांवरून. या विषयावरील मराठी लेखनात खापर हा शब्द सहज येतो आणि शोभतो. तेथे 'मातीच्या भांड्यांचे तुकडे' असे लांबण लावण्याचे कारण उरत नाही.

काचेच्या बाबतीत मराठीची रीत याहून निराळी आहे. 'पायात काच गेली' असे आपण म्हणतो, आणि ऐकणाऱ्यास तुकडा हा शब्द न उच्चारताही सर्व काही कळते. येथे पदार्थाचे नावच तुकड्याचे नाव झाले आहे. 'त्याच्या पायात काचेचा एक अणकुचीदार तुकडा घुसला' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी ते भाषांतर आहे हे लगेच ओळखू येते.

'क्रम' हा पावाचा. त्याच्या अंती लिहिला जाणारा आणि उच्चारात नसलेला 'बी' मूळ शब्दात नव्हता. तो मागाहून चिकटला. क्रम म्हणजे पावातून गळणारा चुरा, तसाच पावाच्या कडक कवचाच्या आतला मऊ भागही. मऊपणा हा या शब्दाचा धर्म आहे, म्हणून काचेचा किंवा दगडाचा क्रम कोणी म्हणत नाही. आपल्या घरी मुख्य अन्न भाकरी. ती पावासारखी चुरत नाही; ती मोडते. म्हणून मराठीत चतकोर आहे, नितकोर आहे, कुटका आहे. आणि हे शब्द नुसते आकार सांगत नाहीत, वाढणाऱ्याचा हात किती सढळ होता तेही सांगतात. डिकन्सच्या कादंबरीतील उपाशी पोराच्या वाट्याला काय आले हे मराठीत आणताना पदार्थ पावच ठेवावा हे योग्य; परंतु 'नितकोर' या शब्दातील कंजूषपणा तेथे कामास आणण्यास कोणाची हरकत असणार?

'स्प्लिंटर' हा लाकडाचा किंवा हाडाचा लांबट, टोकदार अंश. हा शब्द डच भाषेकडून इंग्रजीत आला. संघटनेतून फुटून निघालेल्या लहान गटासही इंग्रजीत हेच विशेषण लावतात, आणि तेथे मराठीने 'फुटीर' हा शब्द घडवून उत्तम काम भागवले आहे. बोटात गेलेल्या स्प्लिंटरला मात्र आपण कुसळ म्हणतो, किंवा ते आत राहून दुखू लागले तर सल म्हणतो. बायबलमधील दुसऱ्याच्या डोळ्यातील बारीकशा कस्पटाचा आणि आपल्या डोळ्यातील तुळईचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. त्यातील कस्पटासाठी १६११ च्या इंग्रजी अनुवादात धूलिकणाचा वाचक असलेला 'मोट' हा शब्द आहे, तर विसाव्या शतकातील काही अनुवादांनी 'स्प्लिंटर' पत्करला आहे. आपल्या म्हणीत कुसळ आणि मुसळ यांची जोडी आहे. इंग्रजी अनुवादकांनी ज्या शब्दासाठी शतकानुशतके विचार केला, तो आपल्या आजीच्या तोंडी आयता होता.

दुसरा प्रश्न क्रियेचा. 'चिप' म्हणजे घावाने उडालेला लहान अंश. मराठीत येथे वस्तूनुसार तीन शब्द आहेत : लाकडाची ढलपी, दगडाची कपची आणि कपबशीचा टवका. परंतु इंग्रजी चिपमध्ये एक खोच आहे. उडालेल्या अंशास चिप म्हणतात, आणि तो उडाल्यामुळे कपाच्या कडेला जी खाच राहते तिलाही चिपच म्हणतात. 'कपात चिप आहे' या अर्थाच्या साध्या इंग्रजी वाक्याचे 'कपात एक तुकडा आहे' असे भाषांतर केले, तर चहात काहीतरी पडले आहे असे वाचकाला वाटेल. 'कपाचा टवका उडाला आहे' हे मराठी होय. इंग्रजी वाक्य उरलेल्या खाचेकडे बोट दाखवते, मराठी वाक्य उडून गेलेल्या टवक्याकडे. दोन्ही भाषा एकाच कपाकडे पाहत आहेत, मात्र पाहण्याची जागा वेगळी आहे. ही जागा न बदलता केवळ शब्द बदलणारा अनुवादक फसतो.

'स्मिदरीन्स' हा शब्द आयर्लंडकडून आला असे कोशकार बहुधा मानतात. आयरिश भाषेतील 'स्मिदिरीन' म्हणजे लहानसा तुकडा, आणि त्याच्या शेवटचा 'ईन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय. इंग्रजीत हा शब्द बहुवचनातच वावरतो. फुटणे, उडणे, चक्काचूर होणे अशा क्रियापदांखेरीज तो सहसा भेटत नाही. एक स्मिदरीन उचलून कोणी खिशात घालत नाही. मराठीतील चिंधड्या आणि चिरफळ्या यांचे वागणे हुबेहूब असेच आहे. त्या नेहमी अनेक असतात आणि नेहमी उडतात. ठिकऱ्याही उडतात, मात्र ठिकरी एकटीही असू शकते, कारण अंगणात आखलेल्या घरांतून मुली ती पायाने सरकवत खेळतात. ज्या भाषेत असे तीन शब्द नांदतात, तिच्यात स्मिदरीन्ससाठी 'लहान लहान असंख्य तुकडे' असे चार शब्द खर्ची घालणे ही उधळपट्टी आहे.

क्रियेच्या प्रश्नात काळाचेही भान ठेवावे लागते, याचे उदाहरण 'श्रॅपनेल' या शब्दाचे. हेन्री श्रॅपनेल या ब्रिटिश तोफखान्यातील अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस, आत लहान गोळ्या भरलेला आणि हवेत फुटणारा तोफगोळा तयार केला. १८०३ मध्ये ब्रिटिश सैन्याने तो स्वीकारला. तेव्हा श्रॅपनेल हे त्या गोळ्याचे नाव होते. पुढे युद्धतंत्र बदलले, आणि कोणताही बाँब वा तोफगोळा फुटल्यावर त्याच्या कवचाचे जे धातूचे तुकडे उडतात, त्यांना हे नाव मिळाले. म्हणून एकोणिसाव्या शतकातील लढाईच्या वर्णनात श्रॅपनेल म्हणजे छर्ऱ्यांचा तोफगोळा, आणि आजच्या वार्तापत्रात श्रॅपनेल म्हणजे कवचाच्या ठिकऱ्या. ब्रिटनमधील बोलीत तर खिशातल्या सुट्या नाण्यांनाही विनोदाने श्रॅपनेल म्हणतात. हा विनोद आपल्याला नवा नाही. खुर्दा म्हणजे मोड, चिल्लर. आणि शत्रूसैन्याचा खुर्दा उडवला असेही आपल्या ऐतिहासिक लेखनात सर्रास येते. नाणे मोडून चिल्लर होते आणि फौज मोडून खुर्दा होतो. दोन दूरच्या भाषांना एकच साम्य दिसावे, हे त्या साम्याच्या खरेपणाचे चिन्ह आहे.

तिसरा प्रश्न किमतीचा, आणि आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. 'फ्रॅगमेंट' आणि 'स्क्रॅप' यांच्या आकारात फरक असेलच असे नाही. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या दृष्टीत. फ्रॅगमेंट लॅटिनमधील मोडणे या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे, आणि तो मूळ अखंड वस्तूची आठवण बाळगतो. स्क्रॅपला अशी आठवण नाही. ते केवळ टाकाऊ, उरलेसुरले. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांनी बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९ च्या तहाला ब्रिटिश राजदूताशी बोलताना कागदाचे स्क्रॅप म्हटले, असे त्या राजदूताने कळवले. त्या एका शब्दाने ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली. मराठीत याचे 'कागदाचा तुकडा' असे भाषांतर केले, तर तो संताप समजत नाही. 'कागदाचा कपटा' किंवा 'चिटोरे' म्हटले की तत्काळ समजतो. येथे एका शब्दाच्या निवडीवर एका ऐतिहासिक घटनेचे आकलन अवलंबून आहे.

एकाच शब्दाची किंमत प्रसंगाने कशी पालटते, हेही पाहण्यासारखे आहे. शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस' नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात रोममधील भुकेले नागरिक धान्यासाठी रस्त्यावर आले आहेत, आणि तो गर्विष्ठ सेनानी त्यांना फ्रॅगमेंट्स म्हणून हिणवतो. त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द ताटात उरलेल्या अन्नालाही लावीत. अन्न मागणाऱ्यांना त्याने उष्टे ठरवले, हे त्या शिवीतील विष आहे. 'तुकड्यांनो, घरी जा' असे भाषांतर रंगभूमीवर हसे करील. 'खरकट्यांनो' म्हटल्यास प्रेक्षकाच्या अंगावर काटा येईल. आता याच काळातील १६११ चे इंग्रजी बायबल पाहावे. योहानाच्या शुभवर्तमानात पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या यांवर पाच हजार माणसे जेवतात, आणि उरलेले काही वाया जाऊ नये म्हणून बारा टोपल्या भरून गोळा करतात. तेथेही शब्द फ्रॅगमेंट्स हाच आहे. परंतु मूळ ग्रीक शब्द हाताने मोडलेल्या अंशाचा वाचक आहे. तेथे खरकटे म्हणणे अनर्थकारक होईल; तेथे तुकडे हाच शब्द योग्य, कारण भाकरीचा तुकडा मोडणे ही आपलीही रीत आहे. यावरून हेही लक्षात यावे की आमचे भांडण तुकडा या शब्दाशी नाही. तो आपल्या जागी सोन्यासारखा आहे. त्याला दुसऱ्यांच्या जागी राबवले जाते, एवढीच तक्रार आहे.

अन्नाच्या शेषाला किंमत देणारी दृष्टी आपल्या परंपरेतही आहेच. दुर्वास ऋषी शिष्यांसह अवेळी आले असता द्रौपदीच्या थाळीला चिकटलेल्या भाजीच्या पानाने श्रीकृष्ण तृप्त झाला, ही महाभारतातील म्हणून घरोघर सांगितली जाणारी कथा. तेच पान एकाच्या दृष्टीने खरकटे आणि दुसऱ्याच्या दृष्टीने प्रसाद. भाषांतरकाराने आपले पात्र कोणत्या दृष्टीने पाहते आहे हे आधी ठरवले पाहिजे. शब्दाची निवड ही अशा वेळी कोशाची बाब राहत नाही; ती समीक्षेची बाब होते.

समीक्षेचाच विषय निघाला आहे, तेव्हा साहित्यविचारातील फ्रॅगमेंटकडेही वळले पाहिजे. कोलरिजने १८१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कुब्ला खान' या कवितेच्या उपशीर्षकात तिला फ्रॅगमेंट म्हटले आहे. ग्रीक कवयित्री सॅफो हिच्या कवितांच्या उपलब्ध अंशांनाही फ्रॅगमेंट्स म्हणतात. परंतु या दोन गोष्टी एक नव्हेत. कोलरिजची कविता, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, पुरी झालीच नाही. सॅफोच्या कविता पुऱ्या झाल्या होत्या. काळाने त्या मोडल्या, आणि इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरून व इतर ग्रंथकारांच्या उताऱ्यांवरून त्यांचे अंश हाती आले. इंग्रजी दोहोंना एकच नाव देते. मराठीत आपणांस दोन नावे आहेत : पहिली अपूर्ण, दुसरी त्रुटित. जुन्या पोथ्यांचे संशोधन करणाऱ्यांनी त्रुटित हा शब्द आपल्या हाती दिला आहे. येथे मराठी इंग्रजीहून सूक्ष्म आहे. असे असता या जागी 'खंड' शब्द योजून घोटाळा करू नये. खंडकाव्य म्हणजे मोडलेले काव्य नव्हे; 'मेघदूत' हे खंडकाव्य आहे, आणि त्याच्याइतके सर्वांगपूर्ण काव्य शोधून सापडणार नाही.

आणखी एक भेद नकारार्थी वाक्यांत दिसतो. काहीच नाही असे सांगायचे असता इंग्रजी बहुधा एखादी मोठी वस्तू फाडते किंवा मोडते. पुराव्याचा श्रेड नाही, म्हणजे चिंधीही नाही. सत्याचे स्क्रॅप नाही. मराठी अशा वेळी काही मोडत नाही. ती निसर्गतःच लहान असलेली अखंड वस्तू उचलते. तिळमात्र शंका नाही, काडीमात्र संबंध नाही, रतीभर फरक नाही. 'पुराव्याची चिंधीही नाही' असे भाषांतर कळेल, पण ते मराठी मनातून उगवलेले नसेल. या ठिकाणी इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये. इंग्रजी रीतीला मराठी रीत शोधावी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. ढलपी, कपची, नितकोर हे शब्द आजच्या मुलांना ठाऊक नाहीत. मग ते योजून भाषांतर दुर्बोध का करावे? आक्षेपातील वस्तुस्थिती आम्हांस मान्य आहे. महाराष्ट्राबाहेरील आपल्या वस्त्यांत ती अधिकच खरी आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे मूल घरात तुकडा म्हणते आणि बाजारात टुकडा म्हणते. त्यामुळे हिंदीच्या आधाराने हा एक शब्द जिवंत राहतो. ज्या शब्दांना शेजारच्या भाषेचा आधार नाही, ते प्रथम गळतात. टवका गेला, चतकोर गेली, आणि त्यांच्यामागे त्या वस्तूंकडे पाहण्याची नजर गेली. परंतु म्हणूनच हे शब्द शाळेने हाती धरले पाहिजेत. जे शब्द घरातून आपोआप येतात, त्यांची काळजी शाळेने करण्याचे कारण नाही. जे येत नाहीत, त्यांचीच करावयाची आहे.

त्यासाठी फार मोठे साधन लागत नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश यांत घरगुती आणि कारागिरांच्या शब्दांचा प्रचंड साठा आहे. इंग्रजीच्या तासाला चिप हा शब्द आला, की शिक्षकाने फळ्यावर 'तुकडा' लिहून पुढे जाण्याऐवजी विचारावे : कशाची चिप? मुले लाकूड म्हणाली तर ढलपी सांगावी, दगड म्हणाली तर कपची, कप म्हणाली तर टवका. तीन मिनिटांत तीन मराठी शब्द परत मिळतात, आणि इंग्रजी शब्दाचे अंतरंगही उलगडते. इंग्रजीचा अभ्यास मराठीच्या मुळावर येतो अशी ओरड आपण ऐकतो. नीट शिकवलेले इंग्रजी मराठीच्या विसरलेल्या खोल्यांची दारे उघडते असा आमचा अनुभव आहे.

भाषा मोठ्या आघाताने क्वचितच मरते. आज एक टवका उडतो, उद्या एक कपची निघते, आणि भांडे अखंड आहे असा आपला समज कायम राहतो. उडालेले टवके वेळीच ओळखून ठेवणे, हे शिक्षकांचे आणि आपल्या परिषदांचे काम आहे.